राणीसाहेबांचे बाळंतपण

मुंग्या पाळण्याइतका स्वस्त छंद दुसरा नाही, असे मी नेहमी सांगतो आणि पैशांपुरते ते अगदी खरे आहे. माशांना काचेची पेटी आणि हवेचा पंप लागतो, रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्यात बसत नाही, आणि कुत्रा आणायचा म्हटला की इमारतीतल्या लोकांच्या भुवया वर जातात. मुंग्यांची राणी मात्र मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की जिन्यातल्या दिव्याखाली आपण होऊन हजर होते. तिला लागते ती एक काचेची परीक्षानळी, चिमूटभर कापूस आणि थोडे पाणी. हा छंद महाग पडतो तो निराळ्याच कारणाने. त्यात पाळणाऱ्याने काहीही करायचे नसते, आणि काहीही न करता स्वस्थ बसणे आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात आजवर कुणाला साधलेले नाही.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जी झुंबड उडते तिच्यात बहुतेक पंखवाली वाळवी असते. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरात दुमडलेल्या. हे सर्व मी बॅटरीच्या उजेडात ओणवा होऊन पारखत असताना वरच्या मजल्यावरच्या काकींनी विचारले, "काय हरवले हो?" मी म्हणालो, "राणी शोधतो आहे." त्यावर त्या काही न बोलता वर गेल्या. सापडली ती मुंगळ्यांची राणी होती, काळीभोर, धष्टपुष्ट आणि पंख गाळून मोकळी झालेली. मुंगीला मरणकाळी पंख फुटतात ही म्हण नराच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते, कारण उड्डाणातले मीलन आटोपले की तो लवकरच मरतो. राणी मात्र पंख टाकून संसाराला लागते आणि त्या एका उड्डाणात साठवून घेतलेल्या शुक्राणूंवर जन्मभर अंडी घालते. सौभाग्यवतींनी नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "पाळायचीच होती तर वाळवी तरी पाळायची. रोयणीवर आळमी तरी उगवली असती." रोयण म्हणजे वाळवीचे वारूळ आणि आळमी म्हणजे त्यावर उगवणारी अळंबी; चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी बाजारात आळमीचा जो भाव असतो तो पाहता या सूचनेला माझ्याकडे उत्तर नव्हते.

नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा, एवढे झाले की बाळंतिणीची खोली तयार. ती अंधारात आणि हादरे बसणार नाहीत अशा जागी ठेवायची, कारण वारंवार व्यत्यय आला की राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते. अशी जागा आपल्या घरात नाही हे माणसाला राणी आणल्यावरच कळते. कपाटात साड्यांमध्ये डांबरगोळ्या होत्या आणि त्यांच्या वासाने किडे मरतात. स्वयंपाकघरालगतच्या भिंतीत रोज सकाळी हुमणाचे, म्हणजे माशांच्या आमटीचे, वाटण मिक्सरमधून फिरते. दिवाणाखाली केरसुणीचा संचार. शेवटी माझ्या टेबलाचा खालचा खण ठरला आणि टेबलावर हात आपटून बोलण्याची माझी जुनी सवय सुटली, हा या छंदाचा घरच्यांनी मान्य केलेला एकमेव फायदा होय. मिक्सरचे काय करायचे असे विचारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा "तुमच्या राणीसाहेबांसाठी मी पाट्यावर वाटू का?" असा प्रतिप्रश्न आला.

या काळात राणीला खायला द्यायचे नसते, ही गोष्ट माझ्या आईला अखेरपर्यंत पटली नाही. बाळंतीण उपाशी कशी राहील, या एका मुद्द्यावर तिने मला निर्दय ठरवले. मी समजावून सांगितले की पंख गळल्यावर उडण्याचे स्नायू निरुपयोगी होतात, ते शरीरात विरघळतात आणि अंगच्या चरबीबरोबर त्यांच्यावरच ती स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते. "म्हणजे स्वतःचे मांस खाऊन मुले वाढवते," आई म्हणाली, "आणि तुम्ही तिला बिस्किटाचा चुरासुद्धा देत नाही." यापुढे प्राणिशास्त्राचे काही चालले नाही.

खरे संकट श्रावणात उभे राहिले. जूनमध्ये धरलेल्या राणीची पहिली कामकरी पोरे कोषांतून बाहेर पडतात ती नेमकी त्या सुमारास. ती खुरटी असतात, कारण उपाशी आईने काटकसरीत वाढवलेली असतात, आणि पुढच्या अळ्या वाढवायला त्यांना गोडाबरोबर मांसही लागते. ज्या घरात महिनाभर कांद्यालाही मज्जाव असतो, त्या घरात झुरळाची तंगडी उकळत्या पाण्यातून काढून तिचे तुकडे करायचे, तेही आईची पूजा चालू असताना, याला काळजाची तयारी लागते. शिवाय झुरळ औषध न मारलेल्या घरातलेच हवे, नाहीतर सगळी वसाहत विषाने जायची. "तुमच्याकडे चांगली, फवारा न मारलेली झुरळे मिळतील का?" असे दारोदार विचारून शेजारसंबंध टिकवणे हे कसब आहे. काकींनी "आमच्याकडे झुरळे नाहीत" असे इतक्या जोरात सांगितले की मी पुन्हा त्या मजल्यावर गेलो नाही.

मधाचा थेंब मात्र आईच्याही उपस्थितीत देता आला. एक बारकी कामकरी त्या थेंबाशी तोंड लावून स्तब्ध उभी राहिली आणि पाहता पाहता तिचे पोट इतके फुगले की काळ्या पट्ट्यांमधली पातळ कातडी ताणून पारदर्शक दिसू लागली. मग ती जडावलेल्या चालीने आत गेली, राणीच्या मिशांवर मिशा आपटल्या आणि तोंडाला तोंड लावून साठवलेला मध तिला पाजू लागली. भिंग हातात धरून आई ते बराच वेळ पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून थेंब मोठा पडू लागला.

त्या मोठ्या थेंबाचा वास घरातल्या बारीक तांबड्या मुंग्यांना लागला, आणि जिच्यावर वर्षानुवर्षे खडूच्या रेघा मारल्या त्या जमातीपासून पाळीव मुंग्या वाचवण्याची वेळ आली. सध्या नळी परातीत, पाण्याच्या मधोमध असते. चवथीला आलेल्या पाहुण्यांनी परातीविषयी विचारले, तेव्हा सौभाग्यवतींनी "आमच्या ह्यांचे आहे" एवढेच सांगून नेवऱ्यांचे ताट पुढे केले.

आता प्रश्न वारसाचा आहे. लासियस नायजर नावाच्या काळ्या मुंगीची एक राणी बंदिवासात 28 वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. माझी मुंगळीण तितकी टिकेल असे नाही, पण माझे वय पाहता विचार करून ठेवलेला बरा. मुलाला विचारले तर त्याने पुण्याहून फोनच ठेवला. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मीनिम्मी असते, तेव्हा अर्धी वसाहत तुझीच आहे, असे मी घरात सांगून पाहिले. त्यावर त्यांनी आपला अर्धा हिस्सा विनामोबदला मला देऊन टाकला. अट एकच घातली, की परात त्यांची आहे आणि ती दिवाळीच्या फराळाआधी घासून परत मिळाली पाहिजे.