सगळ्यांक खबर आसा, एकल्याक सोडून

गोव्यात घडणारी कौटुंबिक रहस्याची अजून एक सिरीज काल रात्री जागून संपवली, नाव सांगत नाही कारण नावाने काही फरक पडत नाही, सगळ्या त्याच. पोर्तुगीज काळातलं मोठं घर, बाहेर धो धो पाऊस, फॉरेनहून परत आलेली मुलगी, माळ्यावर ट्रंक, ट्रंकेत डायरी आणि डायरीत सगळं व्यवस्थित तारीखवार लिहून ठेवलेलं. मला एक सांगा, जी बाई आयुष्यभर घरच्यांपासून एवढी मोठी गोष्ट लपवते ती ती लिहून कशाला ठेवेल? आमच्याकडे तर किराणाची यादीसुद्धा कोणी नीट लिहून ठेवत नाही. आणि शेवटच्या एपिसोडला कोणीतरी मनोरुग्ण निघतं, त्याने केलं सगळं, संपलं.

सायकॉलॉजिकल थ्रिलर मला मनापासून आवडतात म्हणून ही चिडचिड. पण घरातलं खोटं म्हणजे कुठेतरी कुलपात ठेवलेली वस्तू, ती सापडली की खेळ खलास, हे गृहीतच मला पटत नाही. निदान आमच्या फोंडा तालुक्यात तरी मी असं बघितलेलं नाही. इथे घरातलं गुपित अख्ख्या वाड्याला माहीत असतं. पाव आणून देणाऱ्या पोदेराला माहीत, भटजींना माहीत, कुळागरात सुपारी काढायला येणाऱ्याला माहीत, लग्न करून आलेल्या सुनेला पहिल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधता बांधता सासूच सांगते. ज्याच्याबद्दल ते असतं त्या एकट्यालाच तेवढं माहीत नसतं. आणि त्याच्यासमोर चाळीस-पन्नास माणसं, वर्षानुवर्षं, कोणी मीटिंग घेतलेली नसताना, एकसारखं वागत राहतात. भीती वाटायची असेल तर मला ह्या गोष्टीची वाटते, त्या माळ्यावरच्या ट्रंकेची नाही.

मी फोंड्याला एका वकिलांकडे टायपिंगचं आणि फायलींचं काम करते, त्यामुळे ही खोटी कधी फुटतात ते जरा जवळून बघायला मिळतं. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे वारसाहक्काचा कायदा वेगळा. 1867 ची पोर्तुगीज सिव्हिल कोड इथे 1870 पासून लागू झाली, 1961 ला गोवा मुक्त झाल्यावरही ती राहिली, वारसाहक्काच्या भागासाठी नंतर गोव्याचाच 2012 चा कायदा आला आणि तो 2016 ला लागू झाला, पण गाभा तोच. लग्न झालं आणि वेगळा करार नसला की नवरा-बायको मालमत्तेचे अर्धे-अर्धे मालक. मुलं असतील तर बापाला फक्त निम्म्या मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं, उरलेली निम्मी मुलांचीच, मुलगी असो की मुलगा, रागावून कोणाला घराबाहेर काढलं तरी तेवढा वाटा सहसा हलत नाही. जागा विकायची झाली तर मुलगे, मुली, सुना, जावई सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणजे म्हातारं माणूस गेलं की प्रत्येक घराला कधी ना कधी एका कागदावर लिहून द्यावं लागतं की ह्यांची मुलं किती आणि कोण कोण. ह्या कागदाची, म्हणजे सक्सेशन डीडची, नोटीस पेपरात येते, हरकत असेल त्याने कळवावं म्हणून. आमच्याकडे कितीतरी लोक पहिलं पान सोडून आधी त्या नोटिसा वाचतात, मीसुद्धा. लेखकांना एवढं तयार कथानक सरकारने बांधून दिलंय आणि ते अजून डायरी शोधतायत!

आता एक गोष्ट सांगते. ही एका घराची नाही, बघितलेल्या आणि ऐकलेल्या दोन-तीन घरांची मिसळ आहे, गाव, नाती, वय सगळं बदललंय, त्यामुळे कमेंटमध्ये "हे अमक्यांचं का" असं विचारू नका. वडील वारले, मागे दोन भाऊ, मोठी आक्का आणि सगळ्यात धाकटी बहीण. धाकटीचं वय आता पन्नाशीकडे. घर, राजांगण, मागे कुळागर. वाटण्या कोर्टात गेल्या म्हणजे ज्याला आम्ही इन्व्हेंटरी म्हणतो ती सुरू झाली. वारसांची यादी वाचली आणि धाकटीच्या नावाशी मोठा भाऊ थांबला. म्हणाला, "ती आमची भयण न्हय. आक्काली धूव ती." म्हणजे ती आमची बहीण नाही, आक्काची मुलगी.

बस, एवढंच. वकिलांच्या केबिनमध्ये, पंख्याखाली, चहाचे कप समोर असताना.

कागद धाकटीच्या बाजूने होता बरं का. जन्मदाखल्यावर आजोबा-आजी हेच आईबाप म्हणून नोंदवलेले. थ्रिलरमध्ये माणसं खोटं बोलतात आणि कागद खरं बोलतो, इथे बरोब्बर उलटं, कागद पन्नास वर्षं खोटं बोलत होता आणि वाड्यावरची सगळी माणसं खरं जाणून होती. आणि ते खरं बाहेर काढलं कशासाठी, तर कुळागरातला एक वाटा कमी व्हावा म्हणून. खोटं मायेपोटी बोललं गेलेलं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या बाळाला वाचवायला, आणि खरं बोललं गेलं ते हावेपोटी. आता सांगा ह्यात व्हिलन कोण? खोटं बोलणारी आजी की खरं बोलणारा भाऊ (म्हणजे मामा)? चांगल्या थ्रिलरने मला इथे आणून सोडायला हवं, तर ते मला पोलिसांच्या गाडीचा दिवा दाखवतात.

आणि खरी गोष्ट तर त्यानंतर सुरू होते. धाकटीच्या डोक्यात अख्खं बालपण पुन्हा लावलं जातं. आक्का लग्नाशिवाय का राहिली. दर चवथीला माझाच फ्रॉक ती स्वतः का शिवायची. माझ्या कन्यादानाच्या वेळी ती स्वयंपाकघरात का जाऊन बसली आणि सगळ्या बायका तिच्यामागे आत का गेल्या. एकेक साधी आठवण उचलायची, उलटी करायची, आणि मागे दुसरंच काहीतरी लिहिलेलं. सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू तिला असंही वाटायला लागलं की मला हे कधीतरी लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं. आता ते खरंच सांगितलं होतं, की आत्ता कळल्यावर मनाने मागे जाऊन ते तयार केलं? तिलाच माहीत नाही. मी लेखक असते तर दोनशे पानं ह्या एका प्रश्नावर घालवली असती.

हे मनाचे खेळ काल्पनिक नाहीत. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995 मध्ये एक प्रयोग छापला. 24 जणांना त्यांच्या बालपणीच्या तीन खऱ्या गोष्टी दिल्या आणि एक खोटी, की तू पाच वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धीमुर्धी "आठवली". त्या प्रयोगावर पुढे वाद झाले, होऊ देत. मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो, खोटी गोष्ट परक्याने सांगितलेली नव्हती, तुमच्या घरच्या माणसाने सांगितली असं म्हणून ती दिलेली होती. आपलं पाच वर्षांपर्यंतचं बालपण आपल्याला कोण सांगतं? घरचेच ना. म्हणजे तेवढ्या वयापर्यंत आपण कोण होतो ह्याचे साक्षीदारही तेच आणि लेखकही तेच.

आणि ह्या विषयात गोवेकरांनी तर बाहेर बघायचीच गरज नाही. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला संमोहनावर काम केलेल्या आबे फारियांचा पुतळा आहे, एका बाईवर हात पसरून उभा असलेला, टुरिस्ट त्याच्यापुढे सेल्फी काढतात आणि बहुतेकांना तो कोण हे माहीत नसतं. 1756 ला कांदोळीत जन्म. आईवडील वेगळे झाले, बाप पाद्री झाला, आई मठात गेली, आणि मुलाला घेऊन बाप युरोपला. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना पोरगा घाबरून गप्प झाला तेव्हा बापाने हळूच कोंकणीत सांगितलं "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" आणि पोरगा धाडधाड बोलत सुटला, ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. ती दंतकथा असेलही. पण पुढे पॅरिसला हाच माणूस ठामपणे सांगत होता की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही चुंबकशक्ती नसते, जे काय होतं ते समोरच्याच्या मनात, त्याच्या विश्वासामुळे होतं. 1819 मध्ये त्यावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गेला. विश्वास असला की माणूस सांगितलेलं बघतो आणि सांगितलेलं नाही ते डोळ्यांसमोर असून बघत नाही. घराइतका विश्वास अजून कुठे असतो?

तरी कोणी म्हणेल आपल्याकडे ह्या जातीचं लिखाण नाही, हा परदेशी प्रकार आहे. अहो महाभारत! कुंती. मला तर तो सगळ्यात कडक फॅमिली थ्रिलर वाटतो. आदिपर्वात राजपुत्रांच्या कसबाचं प्रदर्शन चाललंय, कर्ण आणि अर्जुन समोरासमोर येतात आणि प्रेक्षकांत बसलेली कुंती बेशुद्ध पडते, विदुर तिला सावध करतो. सगळ्यांच्या देखत ठेवलेला क्लू! कोणी विचारत नाही का पडली. मग युद्धाच्या आधी कृष्ण कर्णाला सांगतो, मग कुंती स्वतः सांगते, शरपंजरी भीष्म म्हणतो मला माहीतच होतं. म्हणजे बघा, कृष्णाला माहीत, भीष्माला माहीत, खुद्द कर्णाला माहीत, आणि माहीत नाही ते पाच पांडवांना. ते कळतं कधी, तर युद्धानंतर, मेलेल्यांना पाणी देताना, कुंती म्हणते त्यालाही द्या, तो तुमचा थोरला. आणि धर्मराज काय करतो? समस्त स्त्रीजातीला शाप देतो की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. भीष्माने आणि कृष्णाने पोटात ठेवलं त्याचं काही नाही! (आमच्या ऑफिसातही फुटलेल्या गुपिताचा राग आधी आईवरच निघतो, हे मी बघितलेलं आहे.)

म्हणून शेवटी कोणालातरी मनोरुग्ण ठरवून मोकळं होणाऱ्या थ्रिलरचा मला राग येतो. एक तर आजारी माणसांची बदनामी, आणि दुसरं म्हणजे ती पळवाट आहे. शहाण्यासुरत्या, देवभोळ्या, शेजाऱ्याला अडीअडचणीला धावून जाणाऱ्या माणसांनी हे सगळं सांभाळलं हे मान्य केलं की बघणारा आपल्या घराकडे बघायला लागतो, ते नको असतं.

गोव्यात विषयांची कमी आहे असंही नाही. पोर्तुगीज पासपोर्टसाठी लिस्बनला आजोबांचा जन्म नोंदवायला जातात तेव्हा काय काय निघतं, आजोबांचं लग्न कुठे नोंदलेलंच नाही, नाहीतर नोंदलेलं आहे पण आजीशी नाही. किंवा पिदे, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची ती गुप्त पोलीस. मुक्तिलढ्याच्या काळात त्यांना गावोगावी खबऱ्यांची गरज होती, आणि खबरी काय आभाळातून पडले नव्हते. हॉलमध्ये हार घातलेला फोटो, दर 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, घरी येणारे पाहुणे, आणि वाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने त्या फोटोला कधीच नमस्कार केलेला नाही. लिहा की कोणीतरी. अमुक घराण्याचं नाव नका घेऊ, पण लिहा.

आणि लिसिटेशन! हे तर कोणी पडद्यावर आणलेलं मी बघितलंच नाही. इन्व्हेंटरीत मालमत्तेची वारसांमध्येच बोली लागते, बाहेरचा कोणी नाही, सख्खी भावंडं एकमेकांवर आकडे चढवतात आणि जो जास्त बोलेल त्याला ती जागा, बाकीच्यांना त्याने पैसे द्यायचे. माझ्या त्या धाकटीला मी तिथे बसवेन. मोठा भाऊ घरावर आकडा बोलतो, दुसरा भाऊ वाढवतो, आणि मग पन्नास वर्षं तोंड न उघडलेली आक्का बोली लावते. तिच्याकडे पैसे कुठून आले? दुसरा अंक तिथून सुरू.

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होतं, दरवर्षी तिसऱ्या अंकात लॉकेट नाहीतर चिठ्ठी सापडते आणि दरवर्षी नायिका "म्हणजे तुम्हीच माझे..." म्हणून कोसळते, आणि लोक टाळ्या देतात, मीही देते कारण काम करणारी पोरं ओळखीची असतात. पण यंदा कोणी नाटक स्पर्धेसाठी किंवा जत्रेसाठी हा विषय खरंच लिहायला घेत असेल तर मेसेज करा. कायद्याची बाजू आमच्या वकिलांना विचारून देते आणि संहितेचं टायपिंग फुकट. फक्त ट्रंक नको आणि डायरी नको.