पहाटे तोंड उघडणारा मासा भुकेला नसतो

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या गळवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरायला लागतो. उन्हाळ्यात मासा थंडाव्यासाठी सगळ्यात खोल जागी तळाला बसतो, म्हणून पहाटे अंधारात जा, गळ तळाला सोडा आणि मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले तर समजा भुकेले आहेत. भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेल्यावर हे कुणालाही पटेल. पण माशाला आधी लागतो प्राणवायू, थंडावा नंतर.

तळाचं पाणी गार असतं, कबूल. धरणाच्या खोल साठ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या जड पाण्यात मिसळत नाही. खाली पालापाचोळा कुजतो, असलेला प्राणवायू संपतो, वरून नवा पोचत नाही. तिथे मासा कशाला बसेल? तो या दोन थरांच्या सीमेच्या वर राहतो. पांझरा नदीच्या कमरेएवढ्या डोहात तर असे थर फारसे टिकतच नाहीत. शिवाय कटल्याचं तोंडच वर वळलेलं. तो वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या. तळाला चरणारा तो मृगळ.

पहाटेचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यात साचलेल्या हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतं आणि रात्रभर स्वतःच वापरतं. म्हणजे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी. तेव्हा वर येऊन तोंड उघडणारा रोहू गुदमरलेला असतो. त्याच्यापुढे कणकेची गोळी धरा नाहीतर गांडूळ, तो ढुंकूनही बघत नाही. वाहत्या किंवा नितळ पाण्यात पहाट चालेल. हिरव्या पाण्यावर मात्र ऊन चांगलं वर येऊ द्या, नाहीतर सरळ संध्याकाळी जा. दिवसभराचा प्राणवायू तेव्हा पाण्यात असतो आणि ऊनही उतरलेलं असतं. (धरणावर मच्छीमार सोसायटीचा ठेका असेल, तर आधी विचारून घ्या.)

जागा निवडायची तर वारा बघा. आपल्याकडे उन्हाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून लाटा पूर्वेच्या काठावर आपटतात. तिथलं पाणी घुसळलं जातं, वरचं बारीक खाद्य तिकडेच लोटलं जातं आणि कटलाही मागोमाग येतो.

मरळीला मात्र यातलं काहीच लागू नाही. ती वर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे कोमट, गढूळ, गवताळ उथळ पाण्यातही मजेत असते. तिच्यासाठी खोल पाणी सोडा, काठच्या गवताला लागून गळ टाका. फक्त पावसाच्या तोंडाशी तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला, तर गळ गुंडाळा. आईबाप खालीच राखण करत असतात, ते गेले तर बाकीचे मासे पिल्लांना खाऊन टाकतात.