रंग बघायचा का क्रँक?

बाळूचा भाचा जर्मनीत नोकरीला असतो. तिकडं कुणीतरी 1964ची सीझेड 250 मोटारसायकल विकायलाय. अस्सल मोटोक्रॉस, म्हणजे माती-चढउतारावरच्या शर्यतीची, टू-स्ट्रोक, पूर्ण रिस्टोअर केलेली. घेऊ का, असं त्यानं मामाला विचारलं. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, त्यामुळं निकाल वसमत रोडच्या कट्ट्यावरच लागणार होता.

फोटो बघून बाळू ओरडला, "ही तर आपली येझदी की!"

अगदीच चूक नव्हतं. सिलेंडर एक अन् त्यातून निघालेले एक्झॉस्ट दोन, येझदी रोडकिंगसारखेच. सरांना तेवढं निमित्त पुरलं. जावा आणि सीझेड हे दोन्ही चेक कारखाने, युद्धानंतर सरकारजमा झाले, एकमेकांत मिसळले. जावाच्याच परवान्यावर म्हैसूरला गाड्या बनायला लागल्या, त्यांचीच पुढं येझदी झाली. "अन् 1964ला बेल्जियमचा जोएल रॉबेर 250 सीसीचा जगज्जेता झाला तो सीझेडवरच. वय वीस! 68 अन् 69लाही तोच, सीझेडवरच. अशा गाडीचा भाव करत नसतात, घेऊन टाकायची."

"सर, ही रॉबेरची गाडी नाही, त्या कंपनीची आहे," वकीलसाहेब म्हणाले. "माझ्याकडं बजाजची स्कूटर आहे, म्हणून मी राहुल बजाज होतो का? अन् हिला लाइट कुठंय? रस्त्यावर चालवता येत नाही, मग घरात ठेवून आरती करायची का?"

बाळू म्हणाला, इकडं असती तर माळावर पळवली असती. पावसाळ्यात काळ्या रानात घालून दाखव, मडगार्डात माती बसली की खांद्यावर आणावी लागंल, असं त्याला ऐकवण्यात आलं.

चाचा तोवर गप्प होते. त्यांचा जन्म येझदीची इंजिनं बांधण्यात गेला. त्यांनी एकच विचारलं, "इंजिन खोललंय का?"

जाहिरातीत टाकीचा रंग होता, स्पोक होते, सीटचं कव्हर होतं. इंजिनबद्दल एवढंच, की एका किकमध्ये सुरू होतं.

"किकचं काय घेऊन बसला? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिक्स आधी खाली क्रँककेसमध्ये जातं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या डब्यात, तिथं दाबलं जातं, मग वर चढतं. म्हणून क्रँककेस हवाबंद पाहिजे. साठ वर्षांची गाडी, रबरी सील कडक झालेलं असतंय. मॅग्नेटकडचं सील गेलं की बाहेरची हवा ओढतंय, पेट्रोल कमी पडतंय. ऑइल पेट्रोलातच, म्हणजे तेबी कमी. पिस्टन तापला की जाम. क्लचकडचं गेलं तर गिअरचं ऑइल ओढून नुसता धूर. अन् बोअर, म्हणजे झिजलेला सिलेंडर घासून मोठा, किती वेळा केलंय? शेवटचा ओव्हरसाइज पिस्टन बसलेला असला तर पुढं स्लीव्हच, म्हणजे सिलेंडरच्या आतली नळीच, बदलावी लागंल. रंग काय, भिंतीलाबी देता येतो."

सरांना हे पटेना. सगळं नवं घातलं तर गाडी 1964ची कशी राहील? चाचा म्हणाले, सील, रिंग, बेअरिंग या झिजायच्याच वस्तू. रॉबेरच्या मिस्त्रीनंबी बदलल्याच असतील.

मी चाचांच्या बाजूचा. आपल्याकडं यामाहाच्या आरएक्स हंड्रेडचं तेच चाललंय. 1996ला बंद झालेली गाडी, टाकीला नवा रंग, नवं क्रोम, अन् भाव आभाळाला. क्रँकचं नाव काढलं की विकणारा चहा मागवतो.

शेवटी भाच्याला सांगितलं, क्रँकचं काम कधी केलं अन् पिस्टन कितव्या साइजचा, हे विचार. खोललेल्या इंजिनचे फोटो माग. दुसऱ्या दिवशी फोटो आले. टाकीचे सगळ्या बाजूंनी, इंजिनच्या आतला एकही नाही.

"इंजिन बांधायचा खर्च भावातून कापायला सांग," चाचा म्हणाले.

"घेऊन टाक म्हणावं," सर म्हणाले.

बाळूनं भाच्याला दोन्ही निरोप धाडले.