उघड्या स्टुडिओबद्दलच्या तुमच्या हरकती

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते. अर्ध्यावर थांबले, कारण तुमच्या तीन हरकतींपैकी एक मला खोडता येईना.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आर्किटेक्चर कॉलेजची इमारतही विद्यार्थ्याला शिकवत असते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं आणि भिंती नसलेल्या मोठ्या स्टुडिओंचं, म्हणजे विद्यार्थी जिथे बसून डिझाइनचं काम करतात त्या दालनांचं, भरभरून कौतुक केलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: शिक्षक चांगला असेल तर झाडाखालीही शिकता येतं, इमारतीला उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. अशाच उघड्या स्टुडिओत तुम्ही पाच वर्षं काढलीत, त्यातली दोन कानांत हेडफोन घालून. आणि आता सगळं काम लॅपटॉपवर होतं, तेव्हा कोण कुठे बसतो याला अर्थच उरलेला नाही.

आवाजाबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या जागेत दिवसाचे दहा-बारा तास बसणाऱ्याचे कान मी लिहिताना विसरले. काँक्रीट, काच, गुळगुळीत फरशी हे सगळं आवाज परत फेकतं आणि छत उंच असलं की तो लवकर विरतही नाही. एका टोकाला कोणी स्टीलच्या पट्टीला लावून कटर ओढला की दुसऱ्या टोकाच्या माणसाची मान वर होते. मी उदाहरण दिलं होतं शिकागोच्या क्राउन हॉलचं, तेही आर्किटेक्चर कॉलेजच. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहची ही १९५६ सालची इमारत म्हणजे २२० फूट लांब, १२० फूट रुंद आणि १८ फूट उंच अशी जवळजवळ एकच खोली. मधे एकही खांब नाही, छत वरच्या चार पोलादी तुळयांना टांगलेलं. खालच्या काचा धूसर आहेत, त्यामुळे टेबलापाशी बसलेल्याला बाहेरची ये-जा दिसत नाही, झाडं आणि आकाश तेवढं दिसतं. नजर कुठे अडवायची याचा इतका बारीक विचार, पण कानांना आडोसा नाही. हे मला तुमच्या प्रतिक्रियेनंतर जाणवलं.

आणि प्रश्न एकट्या आवाजाचा नाही. माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं एकदा विचारलं, टेबल कपाटामागे नेऊ का? मला वाटलं, कामचुकारपणा असेल. तरी हो म्हटलं. महिनाभरात तिच्या ट्रेसिंग पेपरची चळत दुप्पट झाली. चुकलेली रेघ कोणी बघत नाही एवढी खात्री तिला हवी होती, बाकी काही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कला आणि आर्किटेक्चर विभागांसाठी वास्तुविशारद पॉल रुडॉल्फनं १९६३ साली बांधलेली इमारत बघा. आत ३७ वेगवेगळ्या पातळ्या, मधोमध भव्य जागा. मूर्तिकारांच्या वाट्याला कमी उंचीचं तळघर आलं आणि काही वर्षांत आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी त्या भव्य जागेत प्लायवुड आणि पुठ्ठ्याचे आपापले आडोसे उभे केले. माणसाला कोपरा लागतो. कोपरा दिला नाही तर तो स्वतः बांधून घेतो. तेव्हा 'भिंती जितक्या कमी तितकं शिकणं जास्त' हे माझं वाक्य मी मागे घेते.

पण झाडाखालचा मुद्दा मला मान्य नाही.

वास्तुविशारद लुई कान शाळेची सुरुवात झाडाखालीच झाली असं सांगत असे. पण झाड ही सुद्धा जागाच की! सावली पडते तेवढ्यातच माणसं बसणार, म्हणजे संख्या ठरली. बोलणाऱ्याचा चेहरा सगळ्यांना दिसणार, म्हणजे अंतर ठरलं. त्याच माणसाला तीनशे जणांच्या उतरत्या सभागृहात उभं करा, तो दुसराच शिक्षक होतो.

याहून मोठं उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आर्किटेक्चर विभागाची इमारत तिथेच शिकवणाऱ्या विलानोवा आर्तिगासनं कार्लोस कास्काल्दीबरोबर १९६१ साली आखली. प्रवेशाला दार नाही. काँक्रीटची प्रचंड पेटी खांबांवर उचललेली, खालून कोणीही थेट आत चालत यावं. मजले अर्ध्या-अर्ध्या उंचीनं सरकवलेले आणि रुंद उतारांनी जोडलेले, त्यामुळे ग्रंथालयाकडे जाताना वाटेत स्टुडिओ दिसतो आणि स्टुडिओतून उतरताना खालचा चौक. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी सत्ता आली. इमारत १९६९ मध्ये वापरात आली आणि त्याच वर्षी आर्तिगासला सक्तीनं शिक्षकपदावरून काढलं गेलं. ज्यानं ती जागा कल्पिली तो तिथे शिकवू शकत नव्हता. तरी त्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा भरत राहिल्या, कारण सगळ्यांनी एकत्र यावं अशी जागा आयती उभी होती आणि बंद करायला दार नव्हतं. छप्पर गळण्याचा त्रास त्या इमारतीला पुढे बराच झाला, तेही सांगायला हवं. पण चांगला शिक्षक असला की पुरे, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला हा काढून टाकलेला शिक्षक आठवतो.

माझा स्वतःचा अनुभव उलट्या टोकाचा आहे. मी शिकले त्या कॉलेजचं नाव घेत नाही. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक वर्षाची वेगळी खोली, संध्याकाळी साडेपाचला कुलूप. शिक्षक उत्तम होते, अगदी मनापासून शिकवणारे. पण पाच वर्षांत वरच्या वर्गाचं अर्धवट काम मी क्वचितच पाहिलं. पाहिलं ते ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या दिवशी, माउंट केलेलं, चकचकीत, प्रश्नांची उत्तरं पाठ असलेलं. अपवाद एकच. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खिडकीपाशी थोडी जास्त जागा होती. जागा नाही म्हणून चौथ्या वर्षातल्या कोणीतरी तिथे पुठ्ठ्याचं सेक्शनल मॉडेल (इमारत उभी कापून आतलं दाखवणारं) ठेवलं, ते चार दिवस तिथेच राहिलं. त्यातला जिना तीनदा कापून परत चिकटवलेला होता, जुन्या गोंदाचे डाग दिसत होते. पहिल्या कापात डोकं तुळईला आपटत होतं, दुसऱ्यात पायऱ्या चढायला अवघड झाल्या होत्या, तिसऱ्यात टप्पा फिरवून घेतला होता. जाता-येता मी ते बघायचे. सेक्शन म्हणजे काय हे मला त्या मॉडेलनं शिकवलं आणि तो टप्पा दोन फूट अरुंद असता तर मॉडेल तिथे राहिलंच नसतं.

लॅपटॉपचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा वाटतो. ड्रॉइंग बोर्डवर ए-वन कागद तिरका लावलेला असे. शेजारून जाणारा थांबायचा, "हे टॉयलेट इथे का?" विचारायचा. स्क्रीन मालकाकडे तोंड करून असते, झाकण लागलं की काम बॅगेत बसून घरी जातं. पूर्वी काम आपोआप उघडं पडायचं, आता ते उघडं पडण्याची सोय इमारतीला करावी लागते. हाताशी सॉफ्ट बोर्ड (कागद टाचण्यांनी लावायचा मऊ फळा), त्याच्यासमोर दोन पावलं मागे सरकून बघता येईल एवढं अंतर, जवळच प्रिंटर. सॉफ्ट बोर्ड थोडा आवाजही शोषतो, म्हणजे तुमच्या कानांचीही थोडी सोय.

शेवटी तुम्ही विचारलंत, मग तुम्ही नक्की काय बांधाल? अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी आर्किटेक्चर स्कूलसाठी साठच्या दशकात बांधलेल्या इमारतीतून दोन गोष्टी उचलेन: दुप्पट उंचीच्या स्टुडिओत उत्तरेकडून येणारा सारखा उजेड, ज्यात कागदावर हाताची गडद सावली पडत नाही, आणि इमारतीखालून आरपार जाणारी मोकळी जागा. फ्रान्समधल्या नांतच्या आर्किटेक्चर शाळेत लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी २००९ साली मागितलेल्या क्षेत्रफळाच्या जवळपास दुप्पट जागा दिली, त्यातली बरीचशी कशासाठी ते न ठरवताच. तशी नाव नसलेली जागाही मला हवी. तुमच्यासाठी मोठ्या स्टुडिओच्या कडेला खांद्याएवढ्या भिंतींचे कोपरे ठेवेन, बसलं की लपता येईल आणि उभं राहिलं की शेजारचं टेबल दिसेल असे. खडखडाट करणारी वर्कशॉप वेगळ्या भिंतीआड, पण वाटेवर. जिन्याचे टप्पे मुद्दाम रुंद. आणि कोणी कपाटामागे टेबल न्यायचं म्हटलं तर कारण विचारणार नाही.

तुमचं टेबल त्या हॉलमध्ये नेमकं कुठे होतं, मधोमध की भिंतीकडे? जमलं तर हातानं काढलेला प्लॅन पाठवा, टेबलावर फुली मारून.