ॲमिनोचा दुसरा डबा का दिला नाही: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार दादा. तुमचा एक स्टार वाचला. ॲमिनो ॲसिड (प्रोटीनचे घटक) पावडर पंधरा दिवस देऊनही बाबांचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, २.८ वरच राहिलं, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.९ वरून २.३ झालं, म्हणजे माल डुप्लिकेट, असं तुमचं म्हणणं. शिवाय दुसरा डबा मागितला तर काउंटरवरच्या मुलाने "आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा" म्हणून परत पाठवलं.

मालाचं म्हणाल तर बिल घेऊन धंतोलीच्या दुकानात या. बॅच नंबर आणि आमचं खरेदीचं बिल दोन्ही समोर ठेवतो.

अल्ब्युमिन लिव्हर बनवतं. रक्तात आहे ते निम्मं व्हायलाच सुमारे २० दिवस जातात, त्यामुळे पंधरवड्यात आकडा हलेल ही आशाच धरू नये. किडनीतून प्रोटीन लघवीत जात असेल तर पावडर टाकणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. लघवीतलं प्रोटीन तपासलं का, ते तुम्ही लिहिलं नाही. आधी तेच बघा.

ॲमिनो ॲसिडमधल्या नायट्रोजनचा शेवटी युरिया होतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीलाच करावं लागतं. क्रिएटिनिनचं गणित वेगळं आहे. ते मुख्यतः स्नायूंतून येतं. जिमवाल्यांच्या काही डब्यांत क्रिएटिन असतं, त्यानेही ते चढतं. तुमच्या डब्यात ते नाही, लेबल पाहा. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं तरी आकडा वर जातो. पण किती पाणी प्यायचं हेही किडनीच्या पेशंटने डॉक्टरांनाच विचारावं.

"डॉक्टरांनी अमिनोवालीच गोळी लिहिली होती," असं तुम्ही लिहिता. ती बहुधा किटो ॲनालॉगची असावी. तिच्यातल्या मुख्य घटकांत नायट्रोजन नसतो. शरीर स्वतःकडचाच टाकाऊ नायट्रोजन जोडून ॲमिनो ॲसिड तयार करतं. ती कमी प्रोटीनच्या आहारासोबत, जेवताना घ्यायची. कॅल्शियमही असतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. गोळीऐवजी पावडर चालत नाही, आणि वरणाचं प्रमाण तेवढंच ठेवून वर पावडर दिली तर किडनीवरचा भार वाढतोच. डायलिसिस सुरू असलेल्यांना उलट प्रोटीन जास्त लागतं. म्हणून चिठ्ठी मागितली. डबा विकला असता तर पैसे आम्हालाच मिळाले असते, हो ना?

त्या मुलाला मी रागावणार नाही. तो फार्मासिस्ट आहे, बरोबर वागला. उघडलेला डबा परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे. किडनीच्या डॉक्टरांनी हीच पावडर लिहून दिली, तर त्याच दिवशी देतो.