जलाशयाचा काठ सगळ्यांनाच हवा असतो

नौकाविहार, मासेमारी, तंबू आणि पक्षीनिरीक्षण, चारही गोष्टी एकाच पाण्यावर मिळतात म्हणून आपण जलाशयावरच्या उद्यानात जातो. मला चारही मनापासून आवडतात. तरीही माझं ठाम मत आहे की या पाण्याचा काही भाग बोटींना, गळाला आणि तंबूंना पूर्ण बंद असायला हवा. तो भाग नेमका आपल्याला सगळ्यात जास्त आवडणारा असेल, हेही आपण मान्य करायला हवं.

सगळी ओढाताण काठाची आहे. डोकं पाण्यात आणि शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांची चोच फार खोल पोचत नाही. लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्याला त्याच्या पायांच्या उंचीइतकंच पाणी चालतं, काठावर चरणाऱ्या तुतवार पक्ष्यांना तर नुसता ओला चिखल पुरतो. गळ टाकणाऱ्यालाही हाच काठ हवा, कारण लहान मासे उथळ पाण्यातल्या गवतात लपतात आणि मोठे त्यांच्या मागे येतात. तंबू लावणाऱ्याला पाण्याला लागून सपाट जागा हवी असते. मधलं खोल पाणी सोडून सगळे त्याच पट्ट्यात येतात.

त्यात जलाशय म्हणजे नैसर्गिक तळं नव्हे. पाणी सोडलं की पातळी उतरते, काठ सरकतो आणि मैलभर चिखल उघडा पडतो. ‘पाणी आटलं, आता काय बघायचं?’ असं म्हणून लोक परत फिरतात, तेव्हा मला फार हळहळ वाटते. अळ्या, किडे, गोगलगायींनी भरलेला तो चिखल पाणथळीतल्या पक्ष्यांचं भरलेलं ताट असतं. सगळ्यात समृद्ध जागा म्हणजे फुगवट्याचं टोक, जिथे नदी जलाशयात शिरते आणि वाहून आणलेला गाळ टाकते. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, बनलं ते अशाच साचत गेलेल्या गाळामुळे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा झाला, गाळाची बेटं तयार झाली, आणि माणसाने शेतीसाठी अडवलेलं पाणी पक्ष्यांचं झालं.

‘माझी बोट वल्ह्याची आहे, आवाज करत नाही’ हे मी पुष्कळदा ऐकतो. पण मोटारबोट जिथे अडकते तिथे कयाक सहज घुसते, थेट पाणगवतात, टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याच्या तरंगत्या घरट्यापर्यंत. शिवाय जमिनीवरून धोका आला तर पाणपक्षी पाण्यात सरकतात. धोकाच पाण्यावरून आला तर त्यांनी जायचं कुठे? चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, की आपण जास्त जवळ आलोय. तिथेच थांबावं आणि मागे फिरावं. दूरवरून आलेल्या स्थलांतरितांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, आपण उडवलेली प्रत्येक भरारी त्यातूनच खर्च होते.

वाटणी जमते, याचं मला आवडणारं उदाहरण इंग्लंडमधल्या रटलंड वॉटरचं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या त्या जलाशयात शिडाच्या होड्या आहेत, ट्राउटची मासेमारी आहे आणि पश्चिमेचं टोक पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. तिथे 1996 पासून स्कॉटलंडहून ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याची पिल्लं आणून सोडली आणि 2001 मध्ये त्यांची पहिली वीण झाली. मासे पकडणारी माणसं आणि मासे पकडणारा शिकारी पक्षी एकाच पाण्यावर नांदले.

मासेमारांना एक कळकळीची विनंती. शिशाची वजनं वापरू नका. हंस अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, त्यात शिसंही पोटात जातं आणि विषबाधा होते. ब्रिटनने 1987 मध्ये बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आणली, त्यानंतर तिथले हंस सावरले. तुटलेली नायलॉनची दोरीही गोळा करून घरी न्या, ती कुजत नाही आणि पायात गुंतली की पक्षी सुटत नाही.

सुरक्षेचं थोडक्यात: लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नाही. मोकळ्या लांबलचक पाण्यावर वारा मोठ्या लाटा उठवतो, म्हणून सकाळी निघावं. सांडव्याजवळ फिरकू नये. धरणाखालच्या नदीपात्रात तंबू कधीच ठोकू नये, तिथे रात्रीत विसर्ग वाढू शकतो.

आणि व्यवस्थापनाकडे माझी मागणी अशी: एका जागी रोवलेला ‘पुढे बोट नेऊ नये’ हा फलक जलाशयावर कामाचा नाही. पाणी उतरलं की फलक कोरड्यात राहतो आणि पक्षी त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. हद्द तरंगत्या पिंपांची हवी, पाणी सरकेल तशी सरकवलेली, विणीच्या काळात आणखी मोठी केलेली. तिकीट खिडकीवर आजची पातळी आणि आज बंद असलेला भाग लिहिलेला असावा. तोवर बोट घेण्याआधी आपणच या दोन गोष्टी विचारून घेऊ या.