खुलासा : मण्याचं वजन म्हणजे दगडातली सगळी चांदी नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'दगड भट्टीत वितळवा, शेवटी उरलेल्या मण्याचं वजन करा, तेवढीच चांदी, यात चूक होतच नाही.' हे अर्धवट आहे. यावर विसंबून कुणी पैसे घालू नयेत.

पद्धत खरी आहे. दळलेलं खनिज, मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड), सोडा, टाकणखार आणि थोडी कणीक मुशीत तापवली की शिसं मोकळं होतं आणि चांदी-सोनं ओढून घेतं. ती शिशाची गोळी मग हाडांच्या राखेच्या वाटीत तापवतात. शिसं वाटीत मुरतं, चांदी-सोन्याचा छोटा मणी उरतो. पण शिशाबरोबर थोडी चांदीही मुरते, थोडी वाफेवाटे जाते. भट्टी जास्त तापली की घट वाढते. वाटीच्या कडेला मुरदाडशिंगाचे पिसासारखे स्फटिक धरले तर ताप बेताचा, हे जाणकार नजरेनं ओळखतात. शिवाय मण्यात सोनंही असू शकतं. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोनं उरतं. ते वजा करावंच लागतं.

म्हणून चांगली लॅब वजन माहीत असलेली शुद्ध चांदी त्याच भट्टीत सोबत चालवते आणि तिची घट बघून आकडा सुधारते. रिपोर्ट हातात घेताना ही दुरुस्ती केली आहे का, एवढं विचाराच. आणि शिशाचा धूर विषारी असतो, घरच्या शेगडीवर हा प्रयोग अजिबात करू नका.